पट्ट्याचं शेपूट कापू नकोस

परवा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आमच्या लाइनवरची नवी मुलगी ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. म्हाळुंग्याची आहे, जुन्या गावातली. लग्नाला सहा-सात वर्षं झालीत, एक लेकरू आहे. बसल्या बसल्या म्हणाली, "ताई, तुमी गेला व्हता ना त्या तंबूवाल्या रिसॉर्टला, पाळणे-बिळणे हायेत तिथं? आमी बी चाललोय. काय काय न्यावं लागतं, सांगा की."

मला असं कुणी विचारलं की मी सुटते. बोलायला मी कधीच कमी नाही, लाइनवर सुपरवायझरसुद्धा मला रेडिओ म्हणतो. म्हटलं, ऐक बाई. पहिलं म्हणजे गुरुवारी जाऊ नकोस. आपल्याकडे सगळ्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून आपल्याला वाटतं की जग कामावर असेल आणि तिथं आपण एकटेच राजे. तसाच विचार करून अख्खी एमआयडीसी तिथं येऊन उभी असते. मला पहिल्या दहा मिनिटांत आमचा स्टोअरवाला भेटला, गल्लीतला दूधवाला भेटला आणि एरवी पांढऱ्या लेंग्याशिवाय न दिसणारे आमचे घरमालक चक्क हाफ पँटीत भेटले. त्यांनी मला ओळखच दाखवली नाही. मीही दाखवली नाही.

दुसरं, जाड गोधडी ने, एक नाही, दोन. तंबू जाहिरातीत दिसतो तसा नसतो. खाली खडी असते आणि ती रात्रभर तुझ्या बरगड्या मोजते. पायमोजे ने. तंबूची चेन लावूनच बाहेर पड, नाहीतर कुत्रं आत येऊन तुझ्या जागेवर झोपतं. आणि शेगडी नेऊ नकोस. आमच्या ह्यांनी पाच किलोचा छोटा सिलेंडर पिशवीत टॉवेलांखाली लपवून नेला होता, सकाळचा चहा आपला आपण करू म्हणून. गेटवरच्या वॉचमननं पिशवी उचलली तसा तो वाकलाच. म्हणाला, "काका, कपडे लईच जड आहेत तुमचे." मागं शंभर माणसांची रांग. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

ती पोट धरून हसत होती. मग डोळे पुसत म्हणाली, "अन् त्या मोठ्या पाळण्यात? तुमची पोरगी बसली आसंल ना?"

मी म्हटलं, जेव आता, बेल होईल. आणि ताट घेऊन उठले. सगळं सांगितलं, पण जे सांगायला पाहिजे होतं तेच सांगितलं नाही.

आम्ही मूळचे धाराशिवकडचे. चाकणला येऊन चौदा वर्षं झाली. हे प्रेस शॉपला आहेत, मशीनवर पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात तिथं, मी गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत. एकच मुलगी. तिची सुट्टी रविवारी, आमची गुरुवारी, म्हणजे तिघं मिळून एक आख्खा दिवस घरात आहोत असं वर्षातून किती वेळा होतं ते बोटांवर सांगता येईल. ती शाळेतून येते तेव्हा मी सेकंड शिफ्टला गेलेली असते. चपातीचा डबा आणि त्यावर ठेवलेली चिठ्ठी, ही बऱ्याच वेळा तिची आई.

ती सहावीत असताना शाळेची सहल त्याच रिसॉर्टला गेली होती. तिथं मोठं रोलर कोस्टर आहे, उलटं फिरणारं, तोच तो मोठा पाळणा. त्याच्या दाराशी एक लाकडी जिराफ उभा केलाय, हात आडवा पसरलेला. त्या हाताला डोकं लागलं तरच आत सोडतात. आमच्या पोरीचं डोकं दोन बोटं कमी पडलं. वर्गातल्या बाकी सगळ्या मुली गेल्या आणि हिला बाईंनी बाकावर बसवलं, सगळ्यांच्या बॅगा सांभाळायला. तेव्हापासून वर्गात तिचं नाव पडलं, बॅगवाली. मुलींचं तसं काही वाईट नसतं, त्या विसरूनही जातात. पण जिला म्हणतात ती विसरत नाही.

हे मला तिनं आपणहून सांगितलं नव्हतं. मला कळलं ते दाराच्या चौकटीवरून, तिथल्या खुणा कशाला म्हणून विचारलं तेव्हा. तिनं पेन्सिलीनं चौकटीवर उंचीच्या खुणा करायला सुरुवात केली होती. दर गुरुवारी, मी घरी असायचे तेव्हा, डोक्यावर पट्टी ठेवायला मला बोलवायची. "मम्मी, सरळ धर. वाकडी नको धरू. खोटं नको करू." घरमालकांनी चौकट खराब केली म्हणून दोनदा बडबड केली. मी म्हटलं, काका, खोली सोडताना रंग देऊन जाऊ, पण पोरीला बोलायचं नाही. खिडकीच्या गजाला लोंबकळायची ती, नाचणीचं सत्त्व नाक दाबून प्यायची. वर्षाच्या शेवटी चार बोटं वाढली. चौकटीवर तिनं जिराफाच्या हाताची रेघ लाल खडूनं मारून ठेवली होती, ती ओलांडली त्या दिवशी तिनं मला कमरेला धरून उचलायचा प्रयत्न केला.

त्या वर्षी सव्वीस जानेवारी शुक्रवारी आली. गुरुवार-शुक्रवार दोन्ही दिवस कंपनी बंद. ह्यांच्या डिपार्टमेंटच्या चाळीस माणसांनी मिळून तंबूचं बुकिंग केलं आणि आम्हीही नाव घातलं. झेंडावंदन बुडणार म्हणून बाईंना चिठ्ठी दिली, पोट दुखतंय म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा पोरीसाठी खोटी चिठ्ठी लिहिली, आणि लिहिताना मला केवढा आनंद झाला होता!

आत गेल्यावर प्रत्येकाच्या मनगटाला एक पिवळा पट्टा बांधला. कागदासारखा, पण फाटत नाही असला. दोन दिवस काढायचा नाही, ओला झाला तरी चालतो, असं बांधणाऱ्या मुलीनं सांगितलं. अजून काहीतरी सांगत होती, पण मागून ढकलाढकली चालली होती आणि मी सिलेंडरच्या लाजेतून अजून बाहेर आले नव्हते. पट्टे सगळे एकाच मापाचे, मोठ्या माणसाच्या. माझ्या मनगटावर तो घट्ट बसला. पोरीचं मनगट काडीसारखं, तिच्या हातावर पट्टा बसून वर चांगलं चार बोटांचं शेपूट लोंबत राहिलं.

तो सगळा दिवस रांगेत गेला. जिराफाखाली ती उभी राहिली. डोकं हाताला लागलं, वर थोडं सरकलंसुद्धा. तिथल्या पोरानं मान हलवली आणि तिला आत सोडलं. तिनं मागं वळून आमच्याकडे बघितलं. ते बघणं मला आजही जसंच्या तसं दिसतं. मग अडीच तास ती रांगेत होती. पुढं वीसेक माणसं राहिली असतील, तेवढ्यात सहा वाजले आणि त्यांनी साखळी लावली. आजचं बंद, उद्या दहाला.

मला वाटलं ती रडेल. पण नाही. म्हणाली, "उद्या पहिला नंबर आपला. मी नऊलाच येऊन उभी राहणार." तंबूत जेवताना तिचं तेच चाललं होतं. पुढच्या सीटवर बसायचं की मागच्या? डोळे उघडे ठेवायचे की मिटायचे? तिनं ठरवून टाकलं, उघडे ठेवायचे. नाहीतर मग बसून उपयोग काय, म्हणाली.

आता जे झालं ते सांगते.

माझं काम म्हणजे वायरींच्या जुड्या बांधायच्या. एका जुडीला वीस-पंचवीस प्लास्टिकचे टाय लागतात. टाय ओढायचा आणि बाहेर राहिलेलं त्याचं शेपूट कटरनं कट्‌ करून बुडापासून उडवायचं. जरा शेपूट राहिलं तरी माल परत, कारण ते कुणाच्या हाताला लागतं, दुसऱ्या वायरीला घासतं. चौदा वर्षं मी हे करतेय. झोपेतसुद्धा माझा अंगठा हलतो, असं हे म्हणतात. घरी सुतळीचा तोडा, पिशवीचा बंद, राखीचा दोरा, कुठंही काही लोंबताना दिसलं की माझा हात जातोच. माझा स्वतःचा छोटा कटर कायम पर्समध्ये असतो. बाकीच्या बायका लिपस्टिक ठेवतात.

सकाळी आठला आम्ही दोघी नळावर तोंड धूत होतो. गार पाणी, हात लाकडं झालेले. ती म्हणाली, "मम्मी, हे टोचतंय गं." पट्ट्याचं ते शेपूट ओलं होऊन कडक झालं होतं आणि तिच्या हाताला त्यानं लाल ओरखडा काढला होता. मी म्हटलं, आण इकडे. पर्समधून कटर काढला, शेपूट चिमटीत धरलं आणि कट्‌. अगदी बुडापासून. असं साफ कापलं की बोट फिरवलं तर कळू नये. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. "बघ, कसं केलं." तीही म्हणाली, "भारी." मी तुकडा नळाशेजारच्या डब्यात टाकला आणि तिच्या वेण्या घालायला घेतल्या.

नऊला आम्ही तिघं जाऊन उभे राहिलो. पार्कच्या दारावर नुसता पिवळा रंग बघून आत सोडत होते. रोलर कोस्टरला खरंच पहिला नंबर होता आमचा. आमच्या मागं बघता बघता दोनशे माणूस. दहाला साखळी निघाली. पोरगी जिराफाखालून ताठ मानेनं गेली. पुढं एक मुलगी हातात यंत्र घेऊन उभी होती, प्रत्येकाच्या पट्ट्यावर ते धरायचं, हिरवा दिवा लागला की आत. तिनं पोरीचं मनगट हातात घेतलं. उलटवलं. पुन्हा सरळ केलं.

"याचा कोड कुठाय?"

मी म्हटलं, कसला कोड? तिनं माझा हात धरून दाखवला. माझ्या पट्ट्याच्या टोकाला, जिथं घट्ट बसला होता तिथंच, काळ्या चौकोनांची ती छोटी छपाई. पट्ट्याच्या टोकाला. म्हणजे शेपटावर.

काय केलं मी हे, काय केलं! तिला म्हटलं, अहो ताई, टोचत होतं म्हणून कापलं, सकाळीच, आम्ही कालपासून इथंच आहोत, हिला काल बघितलं होतंत ना तुम्ही? ती म्हणाली, "मॅडम, मशीन घेत नाही तर मी काय करू? बाजूला व्हा, लाइन थांबलीय." मागून लोक ओरडायला लागले. ओ काकू, चला की. मला त्या मुलीचा राग येईना, हेच तर वाईट. लाइनवर मीही असंच म्हणते. टॅग नाही तर पीस घेणार नाही, मग तो सोन्याचा का असेना. चौदा वर्षं म्हणत आलेय.

पोरीला ह्यांच्याजवळ सोडून मी तंबूकडे पळाले. नळाशेजारचा डबा रिकामा, आत नवी काळी पिशवी लावलेली. झाडणारी बाई म्हणाली, कचरा मघाशीच मागं गेला, किचनच्या मागं. तिथं गेले. एवढा मोठा ढीग, चहाचे कप, उष्टी पोळी, अंड्याची टरफलं. मी दोन्ही हात घातले. पिवळं काही दिसलं की जीव उडायचा. वेफरचं पाकीट, केळाचं साल, लिंबाची फोड. ती झाडणारी बाई माझ्यामागं आली होती, तिनंही पदर खोचला आणि माझ्याबरोबर शोधायला बसली, एक शब्द न विचारता. अर्धा तास शोधलं असेल. चार बोटांचा तुकडा, कुठून सापडायला!

मग चौकशीच्या खिडकीवर. तिथला साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. चाळीस जणांचं बुकिंग एकाच नंबरवर, कुणाचा पट्टा कोणता याची नावं नाहीत. "कापलेल्या पट्ट्यावर नवीन देता येत नाही मॅडम. लोक कापून दुसऱ्याला देतात." मी म्हटलं, नवीन तिकीट द्या, पूर्ण द्या. त्यानं काचेवरच्या बोर्डाकडे बोट केलं. आजचे पास संपले. मी रडले त्याच्यासमोर. मला लाज वाटली नाही. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाला, "माझ्या हातात असतं तर दिलं असतं."

मग बाथरूममध्ये जाऊन मी माझ्या मनगटाला साबण लावला. कंपनीत घट्ट बांगडी काढायला लावतो तसा, फेस करून. म्हटलं माझा निघाला तर तिला चढवू. कातडं सोलवटलं, पण पट्टा अंगठ्याच्या हाडापुढं सरकेना. ह्यांनीही प्रयत्न केला, त्यांचं मनगट तर प्रेसवर काम करून माझ्या दुप्पट. माझ्यावर ते एका शब्दानं ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "जाऊ दे, तुझ्या हाताची सवय आहे ती." त्यानं मला आणखीच कोसळल्यासारखं झालं.

पोरगी बाकावर बसली होती. त्याच बाकावर, मला नंतर कळलं. तिच्या मांडीवर माझी पर्स आणि ह्यांची बॅग. मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, बाळा, मम्मीनं चूक केली. ती म्हणाली, "मला माहितीय." रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मग म्हणाली, "तुझा पट्टा चालतो ना? मग तू बस. आणि वरून काय दिसतं ते मला सांग. पप्पा नको, त्यांच्या कमरेत गॅप आहे."

मी स्टुलावर चढून माळा साफ करत नाही. मला चक्कर येते. पण त्या वेळी तिनं मला विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी मारली असती. एक तास रांगेत उभी राहिले. दर वळणावर ती मला बाकावरून दिसायची आणि हात करायची. जिराफाखालून जाताना मला त्याचा हात मोडून टाकावासा वाटला. यंत्रानं माझ्या पट्ट्यावर हिरवा दिवा दाखवला.

वर चढताना मी ठरवलं होतं, डोळे उघडे ठेवायचे. तिच्यासाठी बघायचं, एकेक गोष्ट लक्षात ठेवायची. गाडी टक टक करत वर गेली, एक क्षण थांबली आणि मी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, ते मिटले. मग उघडलेच नाहीत. उघड, उघड, असं मनात ओरडत होते मी, आणि दोन्ही हातांनी दांडा धरून बसले होते. खाली येऊन गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईनं माझी बोटं एकेक करून सोडवली.

बाहेरच्या वाटेवर पोरगी धावत आली. "काय दिसलं?"

मी म्हटलं, "सगळं दिसलं गं. तळं दिसलं. लांबचा रस्ता दिसला, गाड्या मुंग्यांएवढ्या. आपला निळा तंबूसुद्धा दिसला, आणि त्याच्यावर वाळत घातलेला तुझा टॉवेल." टॉवेल सुचला तेव्हा मला जरा बरं वाटलं, ते खरं वाटण्यासारखं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होती. तेवढ्यात माझी नजर तिच्या डोक्यावरून पलीकडे गेली. भिंतीवर टीव्हीचे पडदे होते, वरच्या उतारावर आपोआप काढलेले फोटो त्यावर एकामागून एक येत होते. त्यातल्या एकात मी. तोंड वासलेलं, मान खांद्यात घातलेली, आणि डोळे गच्च मिटलेले. मी पटकन तिला खांद्याला धरून वळवलं आणि चल, भूक लागली म्हटलं. तिनं पाहिलं की नाही, मला कळलं नाही. परत येताना गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

पुढच्या गुरुवारी मी पट्टी घेऊन चौकटीपाशी उभी राहिले. ती म्हणाली, आता कशाला?

त्यानंतर महिन्याभरानं असेल, मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. बाहेरच्या खोलीत तिच्या वर्गातली एक मैत्रीण आली होती, दोघी अभ्यासाच्या नावाखाली गप्पा मारत होत्या. मैत्रिणीनं विचारलं, "खरंच बसलीस तू त्याच्यात?"

"मग!" आमची म्हणाली. "वरून तळं दिसतं. गाड्या मुंग्यांएवढ्या दिसतात. आमचा निळा तंबू पण दिसला, माझा टॉवेल होता त्याच्यावर."

"खोटं. तू डोळे मिटले असशील."

"मी नाही. मी उघडेच ठेवले होते," ती म्हणाली. "मम्मी माझ्या शेजारी बसली होती. तिनं मिटले होते."